बंब, गिझर आणि पितळेची नळी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घर तापवावं लागत नाही. तापवायचं असतं ते अंघोळीचं पाणी, आणि तेही पहाटे, लोकल गाठायच्या आधी. त्यामुळे थंड देशांत दिवाणखान्याच्या भिंतीवर बसणारा थर्मोस्टॅट आपल्याकडे न्हाणीघरातल्या गिझरच्या पोटात असतो. आपण त्याला 'ऑटो कट' म्हणतो. दिवा विझला, पाणी तापलं.

गिझरआधी हे काम बंबाचं होतं. हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आलेला, अर्थ पंप. म्हणून आग विझवायला धावते ती गाडीही बंब, आणि पोटात आग घेऊन पाणी तापवतं ते तांब्याचं भांडंही बंब. मधल्या नळीत गोवऱ्या नाहीतर लाकडाच्या ढलप्या, खाली जाळी, भोवती पाणी. काही बंबांना वर नरसाळं असे: तांब्याभर थंड पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर. गिझरही हेच करतो. खालून थंड पाणी शिरतं आणि वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. फरक एवढाच, की बंबाजवळ आई किंवा आजी असे. आवाजावरून, वाफेवरून तिला कळे, आता ढलपी घालायची की निखारे ओढायचे. गिझरला हे जाणणारं कुणीतरी आत बसवावं लागलं.

'गिझर' हे नाव आइसलँडमधल्या गेसिर या उसळत्या झऱ्याचं. लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारं यंत्र केलं आणि त्याला ते नाव दिलं. मला याची फार गंमत वाटते, कारण आपल्याच ठाणे जिल्ह्यात तानसेकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. वसई १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतल्यावर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचं देऊळ बांधवलं. म्हणजे बंबाचं नाव त्या हरलेल्यांच्या भाषेतलं, गिझरचं आइसलँडचं, आणि कुंड मात्र कुंडच राहिलं.

'थर्मोस्टॅट' हा शब्द ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू युर यांनी १८३० च्या पेटंटमध्ये वापरला. त्यांची युक्ती साधी: दोन धातू एकत्र जोडले की तापल्यावर ते कमी-जास्त प्रसरण पावतात आणि पट्टी वाकते. आपल्या गिझरमधल्या दांडीच्या थर्मोस्टॅटमध्ये हीच युक्ती सरळ रेषेत असते. बाहेर पितळेची नळी, आत इन्व्हारची काडी. पाणी तापलं की नळी लांबते, काडी जवळपास तशीच राहते, आणि त्या केसभर फरकाने खटका पडतो. इन्व्हार हा लोह-निकेलचा मिश्रधातू शार्ल गियोम यांनी १८९६ मध्ये शोधला. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

पाणी किती तापवायचं, हे ती नळी ठरवते. केव्हा तापवायचं, हे मात्र परवापर्यंत घरातल्या पहिल्या उठणाऱ्याकडे होतं. ते काम आता वाय-फायवर चालणाऱ्या स्मार्ट प्लगकडे गेलं. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. दोन किलोवॅटचा गिझर ते अठरा-वीस मिनिटांत करतो. म्हणून ५:१० ला चालू, ५:३५ ला बंद. मात्र हा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तीन किलोवॅटचा तेरा. तेव्हा प्लग सोळा अँपिअरचाच हवा. आणि एकदा राउटर बंद करून बघा. वेळापत्रक प्लगच्या आत साठवलेलं असेल तर तो वेळेवर बंद होईल. नसेल तर गिझर चालूच राहील, आणि मग भरवसा पुन्हा त्या पितळेच्या नळीवरच.

नरक चतुर्दशीला वेळ बदलून पहाटे चारची करावी लागते. अभ्यंगाला चौघं असले की पंधरा लिटर पुरत नाहीत; एकाचं झालं की दुसऱ्याने तेल लावून वीस मिनिटं बसायचं. बंबात अशा वेळी आणखी एक ढलपी घालत.