गहू : बुटकेपणाची जनुके आणि अवर्षण

गव्हाच्या ताटाची उंची घटवणाऱ्या जनुकांपैकी सर्वाधिक पसरलेली दोन म्हणजे आरएचटी-बी१बी आणि आरएचटी-डी१बी. ती जपानमधील नोरिन १० (१९३५) या वाणातली. अमेरिकेत ऑर्व्हिल व्होगेल व मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी केलेल्या संकरांतून ती १९६०च्या दशकात भारतात पोहोचली. एरवी जिबरेलिन हे संप्रेरक वाढ रोखणारी डेला प्रथिने नष्ट करवते; या गव्हांतली बदललेली डेला प्रथिने त्याला दाद देत नाहीत. ताट आखूड राहते, त्यावरचे अन्न वाढत्या ओंबीला मिळते, दाण्यांची संख्या वाढते आणि खतपाणी भरपूर देऊनही पीक लोळत नाही.

हा लाभ बागायतीचा, म्हणून जिरायतीत बुटका गहू तोट्याचा, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. मध्यम ताणात ओंबीकडे जादा अन्न वळण्याचा फायदा टिकतो, आणि बुटके वाण उंच वाणांच्या मागे पडतातच असे नाही. ताण तीव्र झाला की मात्र हा फायदा आटतो, कधी उलटतोही. याला उत्तर म्हणून सी ३०६ या उंच वाणाकडे बोट दाखवले जाते; तो कोरडवाहू शेतीत वर्षानुवर्षे टिकला. पण दोन वाणांत शेकडो जनुके वेगळी असतात, त्यामुळे त्याचे श्रेय उंचीला देता येत नाही. उंचीचे जनुक सोडून बाकी जवळपास सारख्या असलेल्या वाणांची तुलनाच इथे ग्राह्य धरावी.

खरी उणीव बरीच आधी, पेरणीत दिसते. महाराष्ट्रातल्या भारी काळ्या जमिनीत जिरायत गहू पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येतो. वरचा थर सुकला की बी खोल, ओलीपर्यंत पेरावे लागते. कोंबाला मातीतून वर नेणारे आवरण याच जनुकांमुळे आखूड होते. ते मातीतच संपते, पहिले पान ढेकळाखाली दुमडते आणि रोपे विरळ उगवतात. विरळ पिकात उघडी जमीन ओल गमावते, आणि ही विरळता भरून काढणे फुटव्यांना दरवेळी जमत नाही. बी उथळ पेरावे हा सल्ला ओलिताखाली ठीक. कोरड्या थरात पडलेले बी उगवणारच नाही.

म्हणूनच आरएचटी८, आरएचटी१८ यांसारख्या जनुकांकडे पैदासकार वळले आहेत. ती ताट बुटके ठेवतात, पण जिबरेलिनला प्रतिसाद शाबूत असल्याने आवरण फारसे आखडत नाही. दाणे भरताना पडणाऱ्या ताणावर मात्र त्यांचा इलाज नाही. तिथे लवकर पक्वता आणि ताटातला अन्नसाठा अधिक कामी येतात.