सज्जाकोठीचा पहारा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहणाऱ्यांना पन्हाळा नवा नाही. शिवाजी पूल ओलांडावा, केर्ली मागे टाकावी, वाघबीळाशी वळावे की गड समोर उभा राहतो. अंतर जेमतेम वीस किलोमीटरांचे. मुलाबाळांसह जावे, झुणका-भाकरी खावी आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा आपला रिवाज आहे. गेल्या मार्चमध्ये मात्र आम्ही पेठेतील काही कुटुंबांसमवेत तटाच्या कडेकडेने गडाची पूर्ण प्रदक्षिणा केली. वाट सुमारे सात किलोमीटरांची आहे. फार अवघड नाही, पण उन्हाच्या आत निघालेले बरे.

आम्ही आरंभ केला तो चार दरवाजापाशी. एका मुलाने विचारले, ‘‘दरवाजा कुठे आहे?’’ तो तेथे नाही. उरले आहेत ते केवळ अवशेष. का नाही, हे परतताना सांगू, असे आम्ही त्याला म्हटले.

वाटेवर प्रथम सज्जाकोठी लागते. दरीच्या अगदी काठावर उभी असलेली ही आदिलशाही काळातील वास्तू. तिच्या सज्जातून जोतिबाचा डोंगर आणि खालचा मुलूख दूरवर दिसतो. येणारा घोडेस्वार, उठणारी धूळ, रात्री पेटणारी शेकोटी, यांतले काहीही येथील डोळ्यांतून सुटू नये, अशीच ही जागा आहे. छत्रपती संभाजी महाराजांचे वास्तव्य याच कोठीत होते, असे परंपरा सांगते. शिवाजी महाराज आणि त्यांची अखेरची भेट १६८० सालच्या जानेवारीत याच गडावर झाली.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड बांधला. तेव्हापासून त्याच्या इतिहासात एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. सिद्दी जौहराने १६६० साली गडाला चार महिने वेढा घातला. पहारा इतका कडक की मुंगीलाही वाट मिळू नये. राजापूरच्या वखारीतील इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. परंतु शरणागतीची बोलणी सुरू झाली, पावसाने छावणी गारठली आणि पहारेकरी सैलावले. जुलैतील एका रात्री महाराज निसटून विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद व बाजीप्रभू देशपांडे यांनी त्या वाटेवर प्राणांचे मोल दिले. पुढे १६७३ साली कोंडाजी फर्जंद अवघ्या साठ माणसांनिशी रात्री गडावर चढला. त्या रात्रीही बुरूज जागच्या जागी होते. गाफील होती ती माणसे.

तीन दरवाजा, अंधारबाव आणि पुसाटी बुरूज पाहून आम्ही कड्याच्या सावलीत बसलो. तेथे मुलांना गडकऱ्यांची कथा सांगितली. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाचा पहारा करणारी कुटुंबे. त्या चाकरीबद्दल गडाखालच्या जमिनी त्यांच्याकडे असत. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरचे राजे अल्पवयीन असताना इंग्रजांनी कारभार दाजी कृष्ण पंडित यांच्या हाती दिला. त्यांच्या कारकिर्दीत या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला. ज्यांच्या आजा-पणजांनी थंडीवाऱ्यात रात्री काढल्या, त्यांना आता आपली भाकरी आणि आपला मान दोन्ही जाणार असे वाटले. १८४४ साली सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि उठाव पन्हाळ्यापर्यंत पोहोचला. इंग्रजी फौजेने १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळा घेतला. गडकऱ्यांची व्यवस्था मोडली, तटबंदी उतरविण्यात आली आणि चार दरवाजा जमीनदोस्त झाला. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. आधी पहारेकऱ्याचा आधार गेला, मग दरवाजा गेला.

परतीच्या वाटेवर एक उतार काळाठिक्कर पडलेला दिसला. तेथे वणवा लागून गेला होता. जळक्या गवताचा वास अजून येत होता. फाल्गुन-चैत्रात गवत वाळते. कोणी विडीचे थोटूक टाकतो, तर कोणी नवे गवत जोमाने येईल या समजुतीने मुद्दाम काडी लावतो. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी त्यात जातात, कोवळी रोपे जातात, आणि पहिल्याच वळिवात उघडी पडलेली माती ओढ्याला मिळते.

आज गडावर चाल करून येणारा शत्रू हाच आहे. अमेरिकेत १९१० साली आयडाहो आणि मोंटाना या भागात दोन दिवसांच्या वणव्यात सुमारे ३० लाख एकर रान जळाले. त्यानंतर तेथे डोंगरमाथ्यांवर आगीवर नजर ठेवण्यासाठी हजारो टेहळणी मनोरे उभे राहिले. त्यांतील बहुतेक आता वापरात नाहीत. आपल्याकडेही वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते आणि उपग्रहाने टिपलेल्या आगीची वर्दी मोबाइलवर येते. परंतु उपग्रह आग विझवीत नाही. हिरवे डहाळे घेऊन उतारावर धावतो तो वनमजूर आणि पायथ्याच्या गावातला माणूस. वणवा राखीव वनात लावणे १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. तथापि कायद्यालाही कोणाचे तरी डोळे लागतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत पन्हाळा आहे. आपल्याला याचा अभिमान वाटणे साहजिकच आहे. मात्र मानाबरोबर चाकरीही येते, हे गडकरी जाणत होते, आणि चाकरी करणाऱ्याला त्याची भाकरी मिळाली पाहिजे हे त्यांनी प्राणपणाने सांगितले. उतारावरची आग विझवून काळ्या हातांनी घरी जाणाऱ्या मजुराचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

खाली उतरताना त्या मुलाने जमिनीवर पडलेली आगपेटी उचलली. तीत चार काड्या शिल्लक होत्या. त्याने ती खिशात घातली आणि सज्जाकोठीकडे एकदा वळून पाहिले. आमच्यापैकी कोणी त्याला तसे करण्यास सांगितले नव्हते.