कॅलेंडरवरचे चार प्लस

२००५च्या जूनमध्ये आमच्या घरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहिणं बंद झालं. त्या चौकोनांत आई रोज सकाळी प्लसची चिन्हं काढू लागली. कधी चार, कधी तीन, परत चार.

माझा धाकटा भाऊ तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि मी आठचा. एका सकाळी तो उठला तेव्हा डोळे सुजून बारीक झाले होते. आजी म्हणाली, काहीतरी चावलं असेल. आठवड्याभरात पाय सुजले, पोट फुगलं, चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ कमरेवरून जाईना. कराडच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि आम्हाला पुण्याला पाठवलं.

निदान झालं नेफ्रोटिक सिंड्रोम. किडनीची गाळणी ढिली पडते, रक्तातली प्रथिनं लघवीतून वाहून जातात आणि अंगात पाणी साठत जातं. हा आजार वर्षाला लाख मुलांमागे साधारण दोन ते सात जणांना होतो. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं. म्हणाले, चार आठवडे रोज द्यायचं, बहुतेक मुलं प्रतिसाद देतात.

बाबांनी विचारलं, "आणि नाही दिला तर? डॉक्टर, कोणाला लागू पडणार हे आधीच नाही का हो कळत?"

"नाही. देऊनच कळतं."

आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोणता ग्राहक पुढच्या महिन्यात ॲप सोडून जाईल, याचा अंदाज बांधणारी मॉडेल्स बनवणं हे माझं काम. 'आधीच कळणं' या गोष्टीचा मला पगार मिळतो. त्यामुळे बाबांचा तो प्रश्न इतक्या वर्षांनी परत डोक्यात आला आणि मी जुने वैद्यकीय पेपर वाचायला घेतले.

पहिला धक्का आईच्या परीक्षानळीबद्दल होता. ती रोज सकाळी भावाची लघवी नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. पाणी स्वच्छ राहिलं तर 'निल', गढूळ झालं तर 'ट्रेस', आणि दूध नासावं तशा गुठळ्या झाल्या की चार प्लस. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट जवळपास हेच करत होते. ते चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरायचे. सूज, अशी गोठणारी लघवी आणि बिघडलेली किडनी यांचा संबंध त्यांनी १८२७ साली मांडला. उष्णतेने प्रथिनं गोठतात, अंडं उकडल्यावर पांढरं होतं तशी. जवळपास पावणेदोनशे वर्षांनी कराडच्या स्वयंपाकघरात तीच युक्ती चालू होती.

निदान जुनं होतं, पण उपाय नव्हता. प्रतिजैविकं येण्याआधी ही मुलं बहुतेकदा किडनी बंद पडून नव्हे, तर संसर्गाने जायची. लघवीवाटे प्रतिकारशक्तीची प्रथिनंही वाहून जातात आणि पोटात साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

मग एक विचित्र गोष्ट लक्षात आली. यातल्या काही मुलांना गोवर आला की त्यांची सूज उतरायची. १९४७मध्ये ब्लूमबर्ग आणि कॅसिडी या अमेरिकी डॉक्टरांनी यावर पेपर लिहिला. त्या काळात काही ठिकाणी अशा मुलांना मुद्दाम गोवर दिला जात होता. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण हातात दुसरं काही नसलेल्या आईबापांनी कशाला होकार दिला असेल, हे मला आमच्या घरातल्या त्या जूनवरून थोडंफार कळतं.

गोवर प्रतिकारशक्ती काही काळ दाबून टाकतो. तो धागा पुढे कामी आला. १९७४मध्ये रॉबर्ट शलूब यांनी मांडलं, की हा आजार मुळात किडनीचा नसून प्रतिकारशक्तीच्या पेशींचा असावा. त्यांच्या पुराव्यांत गोवर होता आणि स्टेरॉइडही.

स्टेरॉइड तोवर वापरात आलं होतं. १९४९मध्ये कॉर्टिसोनने संधिवाताचे रुग्ण चालू लागले, आणि लगेचच डॉक्टरांनी ही औषधं नेफ्रोटिक मुलांवर वापरून पाहिली. अनेकांच्या लघवीतली प्रथिनं थांबली. काहींची मात्र थांबली नाहीत. कोणाची थांबणार, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

त्याचं उत्तर शोधायला न्यूयॉर्कच्या हेन्री बार्नेट यांच्या पुढाकाराने एक मोठा अभ्यास उभा राहिला: इंटरनॅशनल स्टडी ऑफ किडनी डिसीज इन चिल्ड्रन. १९६७ ते १९७४ या काळात अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून ५२१ मुलं नोंदवली. उपचाराआधी प्रत्येकाची बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा तुकडा काढून तपासणी. शिवाय वय, रक्तदाब, लघवीतलं रक्त, रक्तातल्या काही प्रथिनांची पातळी. माझ्या भाषेत सांगायचं तर हा एक डेटासेट होता आणि त्यातले हे फीचर्स. १९७८च्या त्यांच्या पेपरच्या शीर्षकातच 'प्रेडिक्शन' हा शब्द आहे.

बायोप्सीत तीनचतुर्थांशांहून अधिक मुलांमध्ये 'मिनिमल चेंज' निघाला. म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडनी जवळजवळ निरोगी दिसते. या गटातल्या साधारण ८० टक्के मुलांचं वय सहाच्या आतलं होतं. काही मुलांच्या गाळण्यांवर मात्र व्रण होते, त्याला एफएसजीएस म्हणतात.

१९८१चा पेपर मी तीनदा वाचला. ४७१ मुलांना आठ आठवडे प्रेडनिसोन दिलं. साधारण ७८ टक्क्यांनी प्रतिसाद दिला, आणि त्यांतल्या १०पैकी ९ जणांहून जास्त मुलांचा आजार मिनिमल चेंज होता. पण उलट बाजूने पाहा. मिनिमल चेंज असूनही सुमारे ७ टक्के मुलांना औषध लागू पडलं नाही. आणि एफएसजीएस असूनही सुमारे ३० टक्क्यांना पडलं. म्हणजे सुई खुपसूनही खात्री नव्हती.

यातून बालरोगतज्ज्ञांनी काढलेला निष्कर्ष साधा होता. लहान मुलाला आधी सुई कशाला? औषध द्या आणि लघवी बघा. पुढे आजाराची नावंसुद्धा त्यावरूनच पडली: स्टेरॉइडला दाद देणारा आणि न देणारा. उपचार हीच तपासणी झाली. पुण्याच्या डॉक्टरांचं "देऊनच कळतं" हे हात झटकणं नव्हतं. त्यामागे शेकडो मुलांच्या किडनीत गेलेल्या सुया होत्या.

इथे माझ्यातला इंजिनिअर अडखळला. डोळे झाकून प्रत्येक आईबापाला "तुमचं मूल प्रतिसाद देईल" असं सांगणारं एका ओळीचं मॉडेल लिहिलं, तरी ते त्या ४७१ मुलांवर ७८ टक्के बरोबर ठरतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये हा आकडा स्क्रीनवर टाकला तर चांगला दिसेल. पण ते मॉडेल ज्या मुलांसाठी हवं होतं, नेमक्या त्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत चुकतं.

अशी एक मुलगी आम्हाला माहीत होती.

पुण्याच्या वॉर्डात ती भावाच्या शेजारच्या खाटेवर होती. त्याच्याच वयाची, तशीच सुजलेली. दोघांचं औषध एकाच आठवड्यात सुरू झालं. डिस्चार्जनंतर आई आणि त्या ताई रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. आज किती? चार. आमचेही चार.

बाराव्या दिवशी भावाचा ट्रेस आला, मग सलग तीन दिवस निल. बाबांनी पेढे आणले. आईने त्या संध्याकाळी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी ताईंचाच आला, तेव्हा आई म्हणाली, "बघू, थोडा कमी आहे." चार आठवडे झाले तरी तिकडचे चार प्लस हटले नाहीत. तिची बायोप्सी ठरली. मग आई फोन टाळू लागली, आणि काही दिवसांनी तिकडूनही थांबले.

अशा मुलांसाठी ते आठवडे फुकटचे असतात. चेहरा गोल होतो, भूक अनावर होते, वाढ मंदावते, रक्तदाब चढतो. मिळत काहीच नाही. आणि मूल दाद देत नाही असं ठरवण्याआधी भारतीय बालकिडनीतज्ज्ञांची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं सहा आठवडे रोज औषध द्यायला सांगतात, कारण उशिरा दाद देणारं मूल चुकून दुसऱ्या बाजूला ढकललं जाऊ नये.

बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर फिनलंडमधून आलं. तिथे जन्मतःच होणारा एक नेफ्रोटिक आजार आहे. १९९८मध्ये त्याचं जनुक सापडलं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला नेफ्रिन म्हणतात. गाळणीवरच्या पेशींचे पाय एकमेकांत गुंफलेल्या बोटांसारखे असतात, आणि त्यांच्यामधल्या फटीवरची जाळी नेफ्रिनची असते. २०००मध्ये पॅरिसमध्ये पोडोसिनचं जनुक मिळालं. औषधाला दाद न देणाऱ्या मुलांपैकी साधारण ३० टक्क्यांमध्ये असा एखादा जनुकीय दोष निघतो. जाळीचा धागाच चुकीचा विणलेला असेल, तर प्रतिकारशक्ती दाबून काय होणार? या मुलांच्या बाबतीत आता रक्ताच्या एका नमुन्यावरून बरंच आधी सांगता येतं.

२०२४मध्ये हॅम्बर्गच्या गटाने दाखवलं, की नेफ्रोटिक सिंड्रोमच्या १८२ मुलांपैकी ९४ जणांच्या रक्तात त्याच नेफ्रिनविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या. आजार जोरात असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध न घेतलेल्या मुलांत हे प्रमाण ९० टक्के होतं. शलूब यांना प्रतिकारशक्तीबद्दल आलेला संशय आणि फिनलंडचं जनुक एकाच जाळीपाशी येऊन भेटले. तरीही पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाबद्दल खात्रीने सांगेल अशी चाचणी अजून वॉर्डात पोचलेली नाही.

भावाचा आजार पुढे पाच वेळा उलटला आणि बाराव्या वर्षानंतर थांबला. तो आता तेवीस वर्षांचा आहे आणि खारे दाणे मुठीमुठीने खातो.

गेल्या दिवाळीत आईने माळ्यावरून ती दोन पानं काढून दाखवली, जून आणि जुलै २००५. चार प्लस, तीन, चार, ट्रेस, निल, निल, निल. जुलैच्या पानाच्या कोपऱ्यात त्या ताईंचा नंबर आहे. मी तो लावून पाहिलेला नाही. आईनेही नाही.