गुढीपाडवा : जुन्यावर उमटणारी नवी मुद्रा

पिंपळगाव बसवंत : चैत्राच्या सुमारास निफाड तालुक्यातील द्राक्षबागांचे रूप पालटते. हंगामाचे अखेरचे घड उतरले की खरड छाटणीला आरंभ होतो. वर्षभर वाढलेल्या काड्या कापल्या जातात आणि हिरवागार मांडव पाहता पाहता उघडाबोडका होतो. अनोळखी माणसाला हा विध्वंस वाटावा. बागायतदार मात्र जाणतो, की या छाटणीनंतर फुटणाऱ्या नव्या काडीतच उन्हाळ्यात सूक्ष्म घड घडतात आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ते दृष्टीस पडतात. आधी खरड, मग गोडी, हा वेलीचा क्रम आहे. याच दिवसांत येणाऱ्या गुढीपाडव्याचा आध्यात्मिक आशयही या क्रमाहून फारसा वेगळा नाही.

सृष्टीचा आरंभदिन

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा शालिवाहन शकाच्या नववर्षाचा पहिला दिवस. ब्रह्मदेवाने याच तिथीला सृष्टी निर्माण केली, अशी पुराणपरंपरेतील धारणा असून त्यामुळे गुढीला ‘ब्रह्मध्वज’ असेही म्हटले जाते. महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसू या चेदिदेशाच्या राजाची कथा येते. इंद्राने दिलेली वेळूची काठी त्याने जमिनीत रोवली, सजविली आणि पूजिली. गुढीच्या प्रथेचे मूळ अनेक जण या कथेत शोधतात. चौदा वर्षांचा वनवास संपवून श्रीराम अयोध्येला परतले, तेव्हा नगरजनांनी गुढ्या उभारल्या, ही श्रद्धाही सर्वदूर आहे. चैत्री नवरात्राचा प्रारंभ याच दिवशी होतो आणि रामनवमीला त्याची सांगता होते.

मराठी साहित्यातही गुढी जुनी आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत हा शब्द आढळतो. चौथ्या अध्यायात अवतारकार्याचे विवेचन करताना ज्ञानदेव सज्जनांच्या सुखाची गुढी कल्पितात. तेथे पाडव्याच्या सणाचे वर्णन नाही; पण अधर्म सरल्यावर उभी राहते ती गुढी, हा भाव तेथे स्पष्ट आहे.

वेळू, वस्त्र आणि पालथा गडू

गुढीची सामग्री साधी असते. स्वच्छ केलेल्या वेळूच्या टोकाला रेशमी वस्त्र, कडुनिंबाची व आंब्याची डहाळी, फुलांचा हार आणि साखरेची गाठी बांधतात. त्यावर तांब्याचा वा चांदीचा गडू पालथा घालतात. वेळू म्हणजे मेरुदंड आणि गडू म्हणजे मस्तक, असे रूपक काही प्रवचनकार मांडतात. हे स्पष्टीकरण सर्वांनी स्वीकारलेच पाहिजे असे नाही. तथापि गुढी सूर्योदयानंतर उभारायची आणि सूर्यास्तापूर्वी हळदकुंकू वाहून उतरवायची, या रूढीतील सूचना कोणालाही कळण्याजोगी आहे. विजयचिन्ह मिरवायचे ते एकच दिवस. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागायचे.

प्रसादाचा क्रमही बोलका आहे. कडुनिंबाची कोवळी पाने व फुले, गूळ, जिरे, मिरी, हिंग, ओवा आणि मीठ एकत्र वाटून सकाळी ते प्रथम सेवन करायचे. पुरणपोळी वा श्रीखंड त्यानंतर. वर्ष सुखाचेच जाईल अशी हमी ही परंपरा देत नाही. कडू आणि गोड दोन्ही समभावाने स्वीकारण्याची तयारी ती मागते. कर्नाटकात याच दिवशीच्या युगादीला ‘बेवू-बेल्ला’, म्हणजे कडुनिंब आणि गूळ देतात. आंध्र प्रदेश व तेलंगणात सहा रसांची पच्चडी करतात. प्रांत बदलला तरी नव्या वर्षाची पहिली चव बदलत नाही.

नाशिकच्या मातीतील साक्ष

पाडव्याशी जोडलेली शालिवाहनाची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. कुंभाराघरी वाढलेल्या या मुलाने मातीचे सैन्य घडविले, त्यावर पाणी शिंपडून त्यात प्राण आणले आणि शत्रूचा पराभव केला, अशी ती आख्यायिका. शालिवाहन हे सातवाहन या नावाचे लोकरूढ रूप मानले जाते. इसवी सन ७८ मध्ये सुरू झालेल्या शकाचा आरंभ बहुतेक संशोधक शक क्षत्रपांशी किंवा कुशाणांशी जोडतात. शालिवाहनाचे नाव त्याला मध्ययुगात जोडले गेले. ज्यांच्यावर विजय मिळविला, त्यांचीच कालगणना आपली झाली, असा हा विलक्षण योग आहे.

या संघर्षाचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच सापडला. गोदावरीकाठच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःची मुद्रा उमटविली होती. पराभूत राजाची नाणी त्याने सरसकट वितळवली नाहीत. त्याच धातूवर नवा ठसा मारून ती चलनात ठेवली. पुष्कळ नाण्यांवर नव्या मुद्रेखालून जुनी अक्षरे डोकावतात.

नाशिकजवळील पांडवलेणी येथील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. मुलाच्या पराक्रमाचे वर्णन करताना ती त्याने क्षहरात कुळाचा उच्छेद केल्याचे सांगते. त्याच लेखात, अपराधी शत्रूचेही प्राण घेण्याची त्याला आवड नव्हती आणि प्रजेचे सुखदुःख तो आपले मानत असे, असाही त्याचा गौरव आहे. वैदिक परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या घराण्यातील या राजमातेने हे लेणे बौद्ध भिक्षूंना दान दिले. विजयाची थोरवी संयमाने मोजावी, हा धडा या डोंगरात कोरलेला आहे.

हिशेबाचा दिवस

साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून पाडव्याला आज सोने, वाहने आणि घरांच्या खरेदीची झुंबड उडते. शुभारंभ करण्यात गैर काही नाही. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात हा दिवस प्राधान्याने हिशेबाचा राहिला आहे. सालगड्याचे साल पाडव्याला पुरे होते आणि नवे साल ठरते. वर्षभरात घेतलेली उचल, झालेले खाडे आणि उरलेली बाकी यांचा मेळ त्या दिवशी घातला जातो. ज्याची बाकी फिटत नाही, त्याच्यासाठी नवे वर्ष जुन्याच ओझ्याने सुरू होते. मालकाच्या दारी गुढी उभी असताना गड्याच्या नावावरील आकडा तसाच पुढे सरकत असेल, तर नववर्ष दोघांचे झाले असे म्हणता येईल काय? पाडव्याचा आध्यात्मिक अर्थ शोधणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

पाडव्याचा संकल्प म्हणजे केवळ नव्या इच्छांची यादी नव्हे. काय छाटायचे, कोणाचे देणे फेडायचे आणि कोणते वैर संपवायचे, याचा निर्णय त्यात आधी येतो. माणसाला स्वभाव, आठवणी आणि नाती यांचा धातू जुनाच मिळालेला असतो. त्यावर नवी मुद्रा उमटविणे तेवढे त्याच्या हाती असते. चैत्रात उघडाबोडका झालेला द्राक्षाचा मांडव काही दिवसांतच कोवळ्या फुटव्यांनी भरू लागतो. घड दिसायला मात्र ऑक्टोबरची वाट पाहावी लागते.