खानदेशातील जिल्हा परिषदांच्या निवडणुका

महाराष्ट्राच्या खानदेश विभागातील (जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) जिल्हा पातळीवरील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचा इतिहास लोकल फंड समिती (१८६९), जिल्हा लोकल बोर्ड (१८८४) व जिल्हा परिषद (१९६२) या तीन संस्थांच्या अनुषंगाने सलगपणे मांडता येतो. त्यात दोन प्रश्न पुन:पुन्हा उपस्थित झालेले दिसतात : मत देण्याचा अधिकार कोणाला असावा आणि मतदान केव्हा घ्यावयाचे हे कोणी ठरवावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तरोत्तर व्यापक होत गेले. दुसऱ्याचे उत्तर मात्र दीर्घकाळ शासनाच्या हाती राहिले आणि संविधानात स्पष्ट तरतूद झाल्यानंतरही त्याविषयीचा वाद संपुष्टात आला नाही.

पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) खानदेश ब्रिटिशांच्या अंमलाखाली आला आणि मुंबई इलाख्यातील एक मोठा जिल्हा म्हणून त्याचा कारभार धुळ्याहून चालू लागला. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा याप्रमाणे बसविलेल्या लोकल फंड उपकराला १८६९ च्या अधिनियमाने कायदेशीर अधिष्ठान मिळाले. या निधीतून रस्ते, शाळा, विहिरी, धर्मशाळा इत्यादींची कामे होत. निधीच्या विनियोगासाठी जिल्हा व तालुका पातळीवर समित्या स्थापन झाल्या. तथापि त्यांचे अध्यक्षपद कलेक्टरकडे असे आणि बिनसरकारी सभासद सरकारच नेमीत असे. उपकर रयतेने द्यावा व खर्चाचा निर्णय अधिकाऱ्यांनी घ्यावा, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. तीत निवडणुकीला स्थान नव्हते.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपन याच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने या परिस्थितीत पालट झाला. स्थानिक संस्थांत बिनसरकारी व शक्य तेथे निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत असावे आणि या संस्था लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन बनाव्यात, हे त्या ठरावाचे सूत्र होते. त्यास अनुसरून झालेल्या १८८४ च्या मुंबई लोकल बोर्ड अधिनियमाने तालुका व जिल्हा अशी द्विस्तरीय मंडळे निर्माण केली आणि त्यांतील निदान निम्म्या जागा निवडणुकीने भरण्याची तरतूद केली. इंग्लंडमधील कौंटी परिषदा १८८८ च्या कायद्याने स्थापन झाल्या व त्यांच्या पहिल्या निवडणुका १८८९ मध्ये झाल्या. तेथील नागरी व ग्रामीण जिल्हा परिषदा तर १८९४ च्या कायद्याने अस्तित्वात आल्या. म्हणजे निवडणुकीचे तत्त्व, मर्यादित स्वरूपात का होईना, खानदेशच्या जिल्हा मंडळास त्यांच्या आधी लागू झाले होते. परंतु हे साम्य वरवरचे होते. जिल्हा लोकल बोर्डाचे निर्वाचित सभासद प्रामुख्याने तालुका मंडळांमार्फत, म्हणजे अप्रत्यक्ष पद्धतीने येत; इनामदारांना स्वतंत्र प्रतिनिधित्व असे; मतदानाचा हक्क शेतसारा व मालमत्ता यांवर अवलंबून असे आणि अध्यक्षस्थानी कलेक्टरच असे. कूळ, शेतमजूर आणि सातपुड्यातील भिल्ल, पावरा इ. जमाती यांचा या निवडणुकांशी क्वचितच संबंध येई.

१९०६ मध्ये खानदेशचे विभाजन होऊन पूर्व खानदेश (मुख्य ठिकाण जळगाव) व पश्चिम खानदेश (मुख्य ठिकाण धुळे) असे दोन जिल्हे झाले आणि त्यांची लोकल बोर्डेही वेगळी झाली. या दोन जिल्ह्यांची सामाजिक घडण भिन्न होती. पूर्वेकडे तापी, गिरणा व वाघूर यांच्या खोऱ्यांत कापूस व केळी पिकविणारा संपन्न शेतकरीवर्ग होता. पश्चिमेकडे सपाटीवरील सुपीक गावे व डोंगराळ आदिवासी मुलूख हे एकाच जिल्ह्यात सामावले होते. पुढील काळात दोन्ही जिल्ह्यांच्या निवडणुकांनी जी वेगवेगळी वळणे घेतली, त्यांचे मूळ पुष्कळ अंशी या फरकात आहे.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले. १९२३ च्या लोकल बोर्ड अधिनियमाने मताधिकाराची अट सौम्य केली, निर्वाचित सभासदांचे प्रमाण वाढविले आणि बिनसरकारी अध्यक्ष निवडण्याचा मार्ग मोकळा केला. याच काळात मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघांची पद्धत आली. कलेक्टर बाजूस सरल्यामुळे अध्यक्षपदासाठी खरी चुरस सुरू झाली आणि वकील, इनामदार व व्यापारी यांच्या जोडीला कसणाऱ्या शेतकरी समाजांतील पुढारी मंडळांत येऊ लागले. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन होय. त्याने खेड्यांतील शेतकरी राष्ट्रीय राजकारणाशी जोडला गेला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ च्या दुरुस्तीने सरकारनियुक्त सभासदांची पद्धत व तालुका मंडळे रद्द करण्यात आली आणि स्त्रिया, हरिजन व मागास जमाती यांच्यासाठी राखीव जागांचे तत्त्व स्वीकारण्यात आले. नियुक्ती जाऊन तिच्या जागी राखीव जागांवरील निवडणूक आली, हा बदल मूलगामी होता.

तथापि हा विस्तार सर्व मुलखाला सारखा लाभला नाही. पश्चिम खानदेशातील नवापूर पेटा, अक्राणी महाल व काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर या मेहवासी प्रमुखांची गावे १९३५ च्या भारत सरकार अधिनियमान्वये ‘अंशत: वर्जित क्षेत्र’ म्हणून गणली गेली. तेथे प्रांतिक कायदे आपोआप लागू होत नसत; त्यासाठी गव्हर्नरच्या आदेशाची आवश्यकता असे. जिल्ह्याचा हा भाग लोकशाहीच्या चौकटीत पूर्णपणे आला तो स्वातंत्र्यानंतरच. प्रौढ मताधिकार व संयुक्त मतदारसंघ यांमुळे मालमत्ता आणि धर्म हे मतदाराच्या पात्रतेचे निकष राहिले नाहीत.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश यांना अनुक्रमे जळगाव व धुळे अशी नावे देण्यात आली. त्याच वर्षी तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमण्यात आली. बलवंतराय मेहता समितीने (१९५७) गटपातळीवर भर दिला होता. नाईक समितीने (अहवाल १९६१) मात्र जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा प्रमुख घटक मानला. तिच्या शिफारशींवर आधारलेल्या महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून नवी व्यवस्था अंमलात आली आणि त्याच वर्षी पहिल्या निवडणुका झाल्या. बहुसंख्य सभासद प्रत्यक्ष मतदानाने निवडावयाचे होते. आमदार व खासदार यांना परिषदेचे सदस्यत्व देण्यात आले नाही आणि जिल्हाधिकाऱ्यालाही तिच्या बाहेर ठेवण्यात आले. प्रशासनासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी हे पद निर्माण झाले. स्त्रिया निवडून न आल्यास त्यांना स्वीकृत करण्याची तरतूद होती.

प्राथमिक शिक्षण, आरोग्य, ग्रामीण रस्ते, लहान पाटबंधारे व कृषिविकास ही कामे जिल्हा परिषदेकडे आल्याने तिच्या निवडणुकीला पूर्वी नव्हते इतके महत्त्व प्राप्त झाले. शाळाखोली, दवाखाना वा गावाला जोडणारा रस्ता यांचा निर्णय ज्या सभागृहात होई, तेथे आपल्या गटाचा माणूस असणे मतदाराला प्रत्यक्ष हिताचे वाटू लागले. जिल्हा परिषद, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, सहकारी साखर कारखाने व शिक्षणसंस्था यांच्या नेतृत्वाची वर्तुळे परस्परांत गुंतली आणि राज्याच्या राजकारणातील कार्यकर्त्यांची एक पिढी येथूनच पुढे आली. प्रारंभीच्या दशकांत काँग्रेस पक्षाचे वर्चस्व असल्यामुळे खरी स्पर्धा अनेकदा पक्षांतर्गत गटांतच होई.

राखीव जागांवर निवडून येणे व स्थानिक सत्तेत वाटा मिळणे या दोन गोष्टी भिन्न असल्याचेही याच काळात दिसून आले. धुळे जिल्ह्याच्या शहादे, तळोदे भागात १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली व पुढे श्रमिक संघटनेच्या द्वारे आदिवासी शेतमजुरांचे आंदोलन उभे राहिले. हातून गेलेल्या जमिनी, मजुरीचे दर व सालदारांची स्थिती हे त्याचे विषय होते. परिषदेत आदिवासी सभासद असूनही हे प्रश्न सभागृहाबाहेर मांडावे लागले, यावरून तत्कालीन प्रतिनिधित्वाची मर्यादा स्पष्ट होते.

पहिल्या निवडणुकीनंतर १९६७ व १९७२ मध्ये ठरावीक अंतराने निवडणुका झाल्या. त्यानंतर हा क्रम विस्कळीत झाला : पुढील निवडणूक १९७९ मध्ये व त्यापुढील एकदम १९९२ मध्ये झाली. १९७९ मध्ये एकविसाव्या वर्षी प्रथम मत देणारा खेडूत जिल्हा परिषदेसाठी दुसऱ्यांदा मतदान करू शकला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी. मुदतवाढ देण्याचा अधिकार राज्य शासनाकडे असल्याने मताधिकार अबाधित राहूनही तो बजावण्याची संधी मिळत नसे. १९९२ ची निवडणूक दुसऱ्या एका दृष्टीने महत्त्वाची ठरली. राज्याने १९९० मध्ये स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्यामुळे स्वीकृत सदस्यत्वाच्या जागी स्त्रिया प्रथमच मोठ्या संख्येने प्रत्यक्ष निवडून आल्या.

त्र्याहत्तराव्या संविधानदुरुस्तीने (१९९३) पाच वर्षांची मुदत बंधनकारक केली व मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे दायित्व घालून दिले. १९९४ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, नागरिकांच्या मागासवर्गाला सत्तावीस टक्के आणि स्त्रियांना एकतृतीयांश जागा देण्यात आल्या. स्त्रियांचे प्रमाण २०११ मध्ये निम्म्यापर्यंत वाढविण्यात आले. १९९७ पासून जळगावमध्ये दर पाच वर्षांनी निवडणुका होऊ लागल्या. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्याने त्या दोन्ही परिषदांचे निवडणूकचक्र मात्र जळगावपासून वेगळे पडले. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबारमध्ये सुमारे ६९, धुळ्यात सुमारे ३२ व जळगावात सुमारे १४ टक्के होते. साहजिकच आरक्षणाचे गणितही तिन्ही ठिकाणी निराळे झाले.

काँग्रेसचे जुने वर्चस्व या काळात ओसरले. जळगावच्या २०१७ च्या निवडणुकीत ६७ जागांपैकी भारतीय जनता पक्षाला ३३, राष्ट्रवादी काँग्रेसला १६, शिवसेनेला १४ व काँग्रेसला ४ जागा मिळाल्या. धुळे व नंदुरबार येथील परिषदांची मुदत २०१८ च्या अखेरीस संपली. परंतु आरक्षणाच्या वादामुळे तेथे मतदान झाले ते ७ जानेवारी २०२० रोजी. धुळ्यात ५६ पैकी ३९ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. नंदुरबारमध्ये ५६ पैकी काँग्रेस व भारतीय जनता पक्ष यांना प्रत्येकी २३, शिवसेनेला ७ व राष्ट्रवादी काँग्रेसला ३ जागा मिळाल्या आणि शिवसेनेच्या साहाय्याने अध्यक्षपद काँग्रेसकडे गेले.

या निवडणुकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ४ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की मागासवर्गाचे सत्तावीस टक्के हे प्रमाण सरसकट देता येणार नाही. मागासलेपणाची समकालीन पाहणी आवश्यक असून एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांहून अधिक होता कामा नये. परिणामी धुळ्यातील १५ व नंदुरबारमधील ११ गटांच्या निवडणुका रद्द होऊन तेथे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणुका झाल्या. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात केवळ अनुसूचित जमातींच्याच जागा निम्म्याहून अधिक असल्याने या मर्यादेत मागासवर्गाला वाव उरत नाही. एका वंचित समूहाचे न्याय्य प्रतिनिधित्व व दुसऱ्याचा दावा यांची सांगड कशी घालावयाची, हा प्रश्न या निर्णयाने ऐरणीवर आणला.

याच वादाच्या छायेत राज्यातील स्थानिक निवडणुका लांबणीवर पडल्या. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली व तिचा कारभार प्रशासकाकडे गेला. धुळे व नंदुरबार येथील परिषदांची मुदतही २०२५ च्या प्रारंभी संपली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा अंतरिम आदेश दिला आणि पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविली. १८६९ च्या समितीत मतदार नव्हता व निर्णय अधिकाऱ्याचा होता. २०२२ नंतरच्या जळगावात मतदार लक्षावधी होते, परंतु सभागृह रिकामे राहून निर्णय पुन्हा अधिकाऱ्याकडेच गेला. मताधिकाराचा विस्तार आणि निवडणुकीची नियमितता या दोहोंवाचून स्थानिक स्वराज्य पूर्णत्वास जात नाही, हे खानदेशच्या या इतिहासावरून दिसून येते.