अर्बुदाचा शेजार

1948 च्या सप्टेंबरापर्यंत परंडा-भूमचा मुलूख निजामाच्या अंमलात आणि लगतची बार्शी 1947 पर्यंत इंग्रजांकडे व पुढे स्वतंत्र भारतात अशी जी सरहद्द होती, ती रोगराईने कधीच जुमानली नाही. दप्तरांनी मात्र ती इमानाने पाळली. म्हणूनच 1987 साली मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू होऊन बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील 346 गावे एका दप्तरात आली, ही घटना, परंडा-भूम ज्या जिल्ह्यात येतात त्या धाराशिवच्या इतिहासकारांनी उपेक्षिली हे मला उचित वाटत नाही.

गावोगाव फिरून रोगलक्षणे समजावून सांगणाऱ्या या नोंदणी-कर्मचाऱ्यांना स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळला. रोग पुढे गेलेल्या स्त्रीला मुख्य आधार किरणोपचाराचाच. परंतु ज्या पेशीला प्राणवायू पोहोचत नाही तिला मारण्यास अडीच ते तीन पट मात्रा लागते, हे लुई हॅरल्ड ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली दाखविले होते, आणि रक्तक्षयाने पांढुरक्या पडलेल्या स्त्रियांत किरणांचे यश उणे पडते, हा वैद्यांचा अनुभवही त्याच दिशेचा आहे.

मेंदूत हे संकट अधिक गहन होते. ग्लायोब्लास्टोमा या अर्बुदाच्या अंतर्भागी प्राणवायूचे दुर्भिक्ष असतेच. शिवाय मेंदूच्या रक्षकपेशी फितूर झालेल्या शिबंदीप्रमाणे त्याच्या चाकरीत शिरतात, ताराकृती आधारपेशी त्याला रसद पुरवितात, आणि अर्बुदपेशी परस्परांत लांब तंतूंचे जाळे विणून किरणांचा आघात वाटून घेतात. हे जाळे 2015 साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी उजेडात आणले. सारा ठपका शेजारावर, म्हणजे अर्बुदाच्या भोवतालच्या पेशींवर व परिस्थितीवर, ठेवण्याची घाई मात्र नको, कारण किरणांतून वाचलेल्या पेशी आपसांत एकजीव होऊन पुन्हा माजतात, असे त्याच वर्षी नवी मुंबईतील खारघरच्या संशोधकांना आढळले.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत किरणांची वेळ येण्यापूर्वीच रोग गाठण्याचा मार्ग धाराशिवनेच दाखविला: 1999 मध्ये या जिल्ह्यात आरंभलेल्या, 1,31,746 स्त्रियांच्या अभ्यासाचे जे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार या रोगास कारण ठरणाऱ्या विषाणूच्या एकाच तपासणीने त्याचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मेंदूच्या अर्बुदासाठी अशी पूर्वतपासणी अद्याप नाही. तेथे शेजाराचा बंदोबस्त केल्यावाचून किरणांना पुरते यश येणार नाही.