आशयनिर्माते आणि ब्रँड सहकार्य

ब्रँड सहकार्य म्हणजे समाजमाध्यमांवर नियमितपणे चित्रफिती, छायाचित्रे वा लेखन प्रसिद्ध करणाऱ्या व्यक्तीने मोबदला, वस्तू किंवा सेवा घेऊन एखाद्या उत्पादनाची वा व्यवसायाची ओळख आपल्या प्रेक्षकांना करून देणे. अशा व्यक्तीस मराठीत आशयनिर्माता म्हणतात. बोलण्यात कंटेंट क्रिएटर किंवा इन्फ्लुएन्सर हे शब्द अधिक रूढ आहेत. कंपन्यांचे लक्ष कोणत्या निर्मात्याकडे जाते, हे केवळ अनुयायांच्या संख्येवर ठरत नाही. प्रेक्षक कोण आहेत, कोठे राहतात आणि निर्मात्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवतात, या गोष्टी निर्णायक असतात. मराठीसारख्या प्रादेशिक भाषेतील आणि वसई-विरारसारख्या एका परिसरापुरत्या काम करणाऱ्या निर्मात्यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे.

स्वरूप

निर्मात्यांचे उत्पन्न मुख्यतः दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग माध्यमाने स्वतः दाखवलेल्या जाहिरातींतील वाट्याचा. यूट्यूबवर त्यासाठी २०१८ पासून १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणी अशी अट प्रचलित झाली. पुढे लघुचित्रफितींसाठी वेगळे निकषही आले. दुसरा मार्ग ब्रँड सहकार्याचा. त्याला अशी कोणतीही किमान अट नाही. दोन-तीन हजार अनुयायी असलेल्या व्यक्तीलाही गावातील सराफ किंवा मिठाईवाला जाहिरातीचे काम देऊ शकतो.

मराठी वाचकाला जाहिरात आणि साहित्य यांचा शेजार नवा नाही. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि पुढे अशा अंकांचा खर्च मोठ्या प्रमाणावर जाहिरातींनी उचलला. मात्र तेथे जाहिरातीचे पान वेगळे असे. समाजमाध्यमांत जाहिरात निर्मात्याच्या बोलण्यातच मिसळते. सहकार्याचे आकर्षण आणि त्यातील धोका, दोन्ही येथूनच निर्माण होतात.

ब्रँड काय पाहतात

कंपनीचा विपणन विभाग किंवा त्याने नेमलेली संस्था निर्मात्याकडे प्रथम प्रेक्षकांची माहिती मागते. यूट्यूबच्या विश्लेषण विभागात आणि इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात प्रेक्षकांचे वय, लिंग, शहर आणि पाहणीचा कालावधी दिसतो. त्या पडद्यांची छायाचित्रे हा निर्मात्याचा खरा पुरावा होय. विकत घेतलेले अनुयायी येथे बहुधा उघडे पडतात: संख्या लाखांत आणि प्रतिक्रिया बोटांवर मोजण्याइतक्या, किंवा मराठी वाहिनीचे बहुसंख्य प्रेक्षक भलत्याच देशातील, असे चित्र दिसते.

त्यानंतर प्रतिक्रिया वाचल्या जातात. ‘छान’, ‘मस्त’ अशा शंभर प्रतिक्रियांपेक्षा ‘ही कढई कोठे मिळेल?’ असे विचारणाऱ्या दहा प्रतिक्रिया विक्रेत्याला अधिक मोलाच्या वाटतात. निर्मात्याने पूर्वी काय बोलून ठेवले आहे, वादग्रस्त मजकूर आहे का, प्रतिस्पर्धी उत्पादनाची जाहिरात नुकतीच केली आहे का, हेही तपासले जाते. विषयातील सातत्यही पाहिले जाते. आज पाककृती, उद्या शेअर बाजार आणि परवा भविष्यकथन अशी वाहिनी कोणत्याच ब्रँडला आपली वाटत नाही.

मराठी निर्माते

मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना पाककृतींची वाहिनी सुरू केली. पुढे त्यांच्या मराठी वाहिनीला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आणि त्यांनी स्वतःचे मसालेही बाजारात आणले. निर्मात्याचे नावच ब्रँड होण्याचे हे मराठीतील ठळक उदाहरण आहे. २०१६ पासून सक्रिय असलेल्या ‘भारतीय डिजिटल पार्टी’ म्हणजेच भाडिपाने शहरी मराठी कुटुंबातील आई-मुलाच्या संवादांतून विनोदी मालिका केल्या. अशा कथानकात उत्पादन स्वाभाविकपणे बसवता येते, कारण घरातील संवादात साबण, फोन आणि विमा यांचे उल्लेख एरवीही होतच असतात. ठाण्यात वाढलेल्या प्राजक्ता कोळी यांनी २०१५ मध्ये सुरू केलेली वाहिनी प्रामुख्याने हिंदी-इंग्रजी मिश्र भाषेत आहे. त्यांचा प्रेक्षक देशभर पसरलेला असल्याने त्यांच्याकडे राष्ट्रीय पातळीवरचे ब्रँड वळले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही वाहिनी नातवाच्या मदतीने चालते. चुलीवरच्या स्वयंपाकाची ही वाहिनी ग्रामीण बोलीतच राहिली आणि तीच तिची ओळख ठरली. सिंधुदुर्गातील ‘कोकणी रानमाणूस’ ही प्रसाद गावडे यांची वाहिनी पर्यावरणपूरक पर्यटनाचा पुरस्कार करते. तिच्यासारख्या वाहिनीला घरगुती निवासव्यवस्थेची जाहिरात शोभते, डोंगर पोखरून उभारलेल्या बंगल्यांची नव्हे. कोणती जाहिरात नाकारावी हा निर्णय अशा वाहिन्यांसाठी उत्पन्नाइतकाच महत्त्वाचा असतो.

वसई-विरार परिसर

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १२.२२ लाख होती. पश्चिम रेल्वेने रोज मुंबईला जाणारा नोकरदार, नालासोपारा-विरारची दाट वस्ती, वालीव-गोखिवरे भागातील लघुउद्योग आणि पश्चिमेकडील निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी यांसारखी बागायती गावे असे अनेक प्रेक्षकवर्ग येथे एकाच महापालिकेच्या हद्दीत नांदतात.

वसईतील सुनील डिमेलो यांची यूट्यूब वाहिनी येथील शेती, खाद्यसंस्कृती, लोकजीवन आणि बोली यांचे चित्रण करते. सामवेदी ऊर्फ कादोडी आणि वाडवळी बोलींचे बोलणारे, राजेळी केळ्यांपासून होणारी सुकेळी, अर्नाळ्याचे मच्छीमार असे विषय बाहेरच्या कोणत्याही मोठ्या वाहिनीला सहज हाताळता येत नाहीत. स्थानिक निर्मात्याचे बळ या अडचणीतच आहे.

येथील संभाव्य जाहिरातदार म्हणजे अर्नाळा, राजोडी, कळंब किनाऱ्यांजवळील रिसॉर्ट, लग्नाची सभागृहे, केटरर, सराफ, रोपवाटिका, शिकवणी वर्ग आणि सहकारी पतसंस्था. त्यांचे गिऱ्हाईक वैतरणेपासून वसई खाडीपर्यंतचे. उदाहरणादाखल, ८,००० अनुयायांपैकी ६,००० या पट्ट्यातील असतील, तर राज्यभर विखुरलेल्या एक लाख अनुयायांपेक्षा विरारच्या सभागृह-मालकाला तो निर्माता अधिक उपयोगी ठरतो. ही साधी गोष्ट अनेक नवे निर्माते आपल्या प्रस्तावात लिहीतच नाहीत. ते एकूण संख्या ठळक करतात आणि शहरनिहाय तक्ता विसरतात.

प्रस्ताव आणि करार

ब्रँडपर्यंत पोहोचण्याचे मार्ग तीन: विपणन संस्था, माध्यमांनी चालवलेली जोडणी-केंद्रे आणि थेट संपर्क. इन्स्टाग्रामने निर्माता-बाजारपेठ ही सोय २०२४ मध्ये भारतात विस्तारली. स्थानिक पातळीवर मात्र थेट संपर्कच अधिक फलदायी ठरतो. दुकानात जाऊन मालकाला दोन चित्रफिती दाखवणे हे दहा इमेलांपेक्षा परिणामकारक असते.

प्रस्ताव एका पानाचा असावा. त्यात वाहिनीचा विषय, प्रेक्षकांची आकडेवारी, पूर्वीच्या दोन-तीन कामांचे दुवे, त्या ब्रँडसाठी सुचलेली एक नेमकी कल्पना आणि संपर्काचा पत्ता असला की पुरते. सर्वांना एकच मजकूर पाठवणारे लगेच ओळखू येतात. मोबदला ठरवताना चित्रफितींची संख्या आणि दुरुस्तीच्या फेऱ्या यांबरोबर दोन बाबी लेखी घ्याव्या लागतात: कंपनी ती चित्रफीत स्वतःच्या जाहिरातीत किती काळ वापरणार, आणि त्या काळात प्रतिस्पर्ध्याचे काम करण्यास मनाई आहे का. या दोन्हींचे वेगळे पैसे आकारण्याची रीत आहे. नवखे निर्माते ते फुकट देऊन बसतात.

कायदा आणि करआकारणी

भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या निर्मात्यांसंबंधीच्या मार्गदर्शक सूचना १४ जून २०२१ पासून लागू झाल्या. मोबदला घेतलेला मजकूर जाहिरात आहे हे ठळकपणे सांगणे त्यांनुसार आवश्यक आहे. ही खूण इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत असावी. म्हणजे मराठी चित्रफितीवर ‘जाहिरात’ हा शब्द चालतो. तो हॅशटॅगांच्या गर्दीत दडवून चालत नाही. फुकट मिळालेली वस्तू हाही मोबदलाच मानला जातो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी याच स्वरूपाची मार्गदर्शिका काढली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय निर्मात्यावर एक ते तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदीही येऊ शकते.

१ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तुरूप लाभावर १० टक्के उद्गम करकपातीची तरतूद आली. जाहिरातीसाठी दिलेला फोन निर्मात्याने ठेवून घेतला तर तो लाभ ठरतो, परत केला तर ठरत नाही.

अस्थिरता आणि फसवणूक

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली, तेव्हा केवळ त्या एका माध्यमावर अवलंबून असलेल्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील अनेक निर्मात्यांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. म्हणून जाणकार निर्माते किमान दोन माध्यमांवर वावरतात. त्याच वर्षी ‘आपली आजी’ ही वाहिनी हॅक झाली होती. ती काही दिवसांनी परत मिळाली.

सहकार्याच्या नावाने येणारे बनावट इमेल हा खाते बळकावण्याचा एक ज्ञात मार्ग आहे. यूट्यूब निर्मात्यांना खोट्या सहकार्य-प्रस्तावातून घातक फाइल उघडायला लावणाऱ्या टोळ्यांविषयी गूगलने ऑक्टोबर २०२१ मध्ये माहिती प्रसिद्ध केली. अशा फाइलमुळे पासवर्ड न चोरताही खात्याचा ताबा जाऊ शकतो. दुसरा प्रकार ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्यांचा आहे. खरा ब्रँड निर्मात्याला पैसे देतो, निर्मात्याकडून मागत नाही.